बर्फाची पावती

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीचं दप्तर तपासायला
दर वैशाखात जाते, दापोलीहून पहिल्या एसटीने.
माडीवर टेबल, खाली ओट्यावर जाळी शिवणारे,
कीर्दीच्या पानांनाही सुक्या बोंबलाचा वास.

काम तसं सरळ.
वहीतल्या रकमेवर बोट ठेवायचं, फाईलीत तिची पावती शोधायची:
लिहिलं ते घडलं का?
मग उलट्या पावली, पावती धरून वहीत शिरायचं:
घडलं ते लिहिलं का?
जुळलं की हिरव्या पेन्सिलीची खूण.
डिझेल, सूत, शिशाच्या गोळ्या, लाइटबिल,
सत्यनारायणाचे पेढे (त्यांची पावती कधीच हरवत नाही).

मागल्या वर्षीच्या अठरा जूनवर बोट अडलं.
बर्फ, लाद्या चौदा. खातं: किरकोळ.
बंदी तर एक जूनपासून. होड्या वर ओढलेल्या, झापांखाली.
त्या आठवड्यात लिलावाचं पान कोरं.
मासळी नाही, मग बर्फ कुणाला?
पावतीवर घेणाऱ्याची सही नाही.

सेक्रेटरी दोरकुळकर चष्मा पुसत राहिले.
"मॅडम, तो बर्फ माशांचा नाय.
हिराजी पावसे खडपावरनं घसरला, गळ टाकताना.
पोरगा जहाजावर, दोह्याकडं. यायला दोन दिवस लागले."
खाली कुणीतरी सुतळी दातांनी तोडली.
"सही कुणाची घेऊ?"

मी लिहिलं: खुलासा घेतला. संचालक मंडळाची मंजुरी घ्यावी.
खूण केली.
मग सवयीने सभासदांचं रजिस्टर ओढलं.
एकशे सात, हिराजी भागोजी पावसे, भाग पाच,
वारस: मुलगा.
मयत तारखेचा रकाना रिकामा.
बर्फाची नोंद होती,
मरणाची राहून गेली होती.

दुपारी बर्फाच्या कारखान्यात गेले,
येणी-देणी त्यांच्या वहीशी ताडायला.
बशीर मुकादमांनी ओल्या हातांनी पान उलटलं:
अठरा जून, सोळा लाद्या.
बिल मात्र चौदांचंच.
मी त्यांच्याकडे पाहिलं.
"दोन आमच्याकडनं," म्हणाले,
आणि पोराला हाक मारून लादी फोडायला सांगितली.

फरक: दोन लाद्या.
इतक्याशा फरकाला आमच्या धंद्यात एक शब्द आहे, नगण्य.
रोज लिहिते तो, दहादा, विचार न करता.
त्या दिवशी 'न'वर पेन टेकवलं
आणि शाईचा ठिपका मोठा होत गेला.
पाचची एसटी वाजवत होती.

आता माझे कागद वरच्या ऑफिसात गेलेत.
तिथेही कुणीतरी बोट ठेवील,
विचारील, शेऱ्याची ही जागा कोरी का, हा डाग कसला.
मी चष्मा काढीन,
पुसत राहीन.