कूलरच्या पत्र्यावरचे नंबर

मे महिन्यातल्या मंगळवारी, दुपारी पावणेदोनला
कूलरनं एक लांब उचकी दिली
आणि नुसता गरम वारा फेकू लागला,
बेकरीवाल्यानं भट्टीचं दार उघडं टाकावं तसा.

बाबा कॉटवर. मोतीबिंदू काढून चार दिवस.
डोळ्यावर हिरवी पट्टी,
घामाचा थेंब आत जाता कामा नये, अशी ताकीद.
मी एका हातानं पुठ्ठा हलवत
दुसऱ्या हातानं फोनमध्ये शोधत होते.
बारा दुकानं दाखवली, सगळी जवळच.

पहिलं बंद. चार वाजेस्तोवर सोलापुरात कोण उघडतं?
दुसरा म्हणाला, लोखंडी कूलर?
भंगारात घाला की ओ मॅडम, एसी बसवून देतो, हप्त्यानं.
तिसरा फक्त गिझरवाला निघाला.
मेमध्ये गिझर! इथं गच्चीवरच्या टाकीतलं पाणी
नळातून थेट चहाला उतरतं.
तो बिचारा हसला. म्हणाला, म्हणून तर फोन उचलला.

बाबा पट्टीआडून म्हणाले, पत्र्यावर बघ.

कूलरच्या पाठीला, गंजाच्या शेजारी,
बाबांच्या अक्षरात तीन नंबर, ऑइलपेंटचे.
एक सहा आकडी, त्याचं जगच संपलेलं.
एक अर्धा खरवडलेला.
एकापुढे लिहिलं होतं, क्यातम मिस्त्री, विडी घरकुल.

बाईंनी उचलला.
ते नाहीत ओ. दोन उन्हाळे झाले.
मागे कात्री चालत होती, पानं कापल्याचा आवाज,
आणि एक पोर रडत होतं.
मी सॉरी म्हटलं, ठेवतच होते,
तर त्या म्हणाल्या, थांबा. आवाज काय करतंय?
फोन लावा त्याला.

मी लावला. कूलरच्या कानाला की तोंडाला, कळेना.
कात्री थांबली.
आगवे, आगवे, त्या पोरीला म्हणाल्या,
आणि सगळं घरकुल गप्प झाल्यासारखं वाटलं.

पंखा चांगलाय. खाली गुणगुण ऐकू येती का बारीक?
म्हंजे पंप जळला नाही, अडकलाय.
तीस वर्षं पुढच्या खोलीत हे खोलायचे,
मागच्या खोलीत मी विड्या वळायची.
बघितलं काय नाही. ऐकलंय सगळं.

आधी पिन काढा. पायात स्लीपर घाला.
रबरी का? रबरीच घाला.
आमचे हे…
पुढचं वाक्य आलं नाही. मीही विचारलं नाही.

मग तळातल्या गाळात हात.
पंपाचं झाकण नखानं निघेना, चमच्यानं निघालं.
आत वाळ्याच्या काड्या, पांढरा क्षार,
आणि केसांची एक गुंडाळी,
माझ्याच, बहुतेक मागच्या वर्षीच्या.
जुन्या टूथब्रशनं घासा. जोर नको, पातं मोडतं.
बाबा मधूनच विचारत होते, मिस्त्री काय म्हणतो?
मी म्हटलं, ब्रश मागतो.

पाणी पाचव्या दिवशी येणार होतं.
राखून ठेवलेल्या दोन बादल्या ओतल्या,
पिन लावली.
आधी काहीच नाही.
मग वरच्या पन्हाळीत एक थेंब, मग चार,
मग वाळा काळा पडत गेला वरून खाली
आणि खोलीभर तो वास, ओल्या मुळांचा.

पैसे कसे देऊ, मी विचारलं.
कशाचे? मी काय केलं?
बरं, मग ठेवते.
नको ओ, लगेच नका ठेवू. चालू द्या जरा.

मी फोन कूलरवर ठेवला, स्पीकर लावून.
बाबांना डुलकी लागली, तोंड उघडं.
तिकडं कात्री परत सुरू झाली, सावकाश.
साडेतीन मिनिटं कुणीच बोललं नाही.

संध्याकाळी मार्कर घेऊन पाठीमागे गेले.
नाव खोडलं नाही.
क्यातम मिस्त्रीच्या पुढे जागा थोडी होती,
तिथं दाटीवाटीनं ‘बाई’ लिहिलं.
त्यांचं नाव विचारायचं राहिलंय.