साडेनवाची देवगड

सहाचा खेळ सुटतो तेव्हा
मी कणकवलीच्या स्टँडवर
तिकिटाच्या मशीनमध्ये नवा रोल घालत असते.
अडीच वर्षांत मी एकही सिनेमा पाहिलेला नाही
आणि एकही चुकलेला नाही.

लोक चढतात तेच बोलत बोलत.
"बहिणीला मारायला नको होतं गं…
दोन असलदे, सुट्टे आहेत."
तिकीट फाडून हातात देईपर्यंत
मला कळतं, एक बहीण आहे
आणि ती मरते.

असलद्याच्या दोघी कॉलेजच्या.
त्यांच्या मते आधीचा बरा होता,
हिरोने दाढी काढायला नको होती,
मध्यंतरानंतर डोळे मिटतात.
त्या उतरतात तेव्हा
मध्यंतरापर्यंतची गोष्ट त्यांच्याबरोबर उतरते.
मी घंटी मारते.

शिरगावचे विश्राम मेस्त्री, सुतार,
अजून तापलेलेच.
"पाटलाचो वाडो म्हणतत
नि एका लाथेत दरवाजो मोडता?
प्लायवूड आसा ता, बाई.
बिजागऱ्यो पण उलट्या बाजूक."
बायको पिशवी मांडीवर घेत म्हणते,
"दरवाजेच बघूचे होते
तर घरातलो आधी बसवा.
दोन वर्सां पडदो लावलेलो आसा."
अख्खी गाडी हसते.
मेस्त्री खिडकीची काच खालीवर करून बघतात,
ती नेहमीसारखी अडकते.

टेकबहादूर तळेबाजारचा,
आंब्याच्या बागेतला राखणदार.
आज त्याला बर्फ बघायला मिळाला.
कसा वाटला? मी विचारते.
विचार करून सांगतो,
"गाणं छान. पण ताई,
एवढं नाचून तोंडातून वाफ नाही आली.
मीठ असेल ते."
मग फोन लावतो घरी,
त्याच्या भाषेत लांबलचक काही सांगतो,
मला दोनच शब्द लागतात:
सिनेमा, राम्रो.

मागच्या बाकावर रापणीवाले चौघे,
पाय लांब, चपला पॅसेजमध्ये.
मी चपला सरकवायला सांगते,
ते सरकवतात, पुन्हा पसरतात.
केरबा सारंग म्हणतो,
"होडी अशी बुडत नाय.
आधी मागसून पाणी घेता.
आणि तो हिरोचो भाव किती वरडता रे!
बुडणारो माणूस वरडत नाय.
गप होता."

त्यावर कोणीच काही बोललं नाही.
मी घाटावरची, समुद्रातलं मला काय कळतं,
पण चढणीला गिअर बदलल्याचा आवाज
त्या दिवशी फार मोठा वाटला.
मग चौघांतलाच एक म्हणाला,
"गाणी बरी होती पण."
"हां, गाणी बरी," दुसरा म्हणाला.

जामसंड्याला बाबी घाडी उतरतात.
दर शुक्रवारी एकटे, ड्रायव्हरच्या मागची सीट,
आजवर सिनेमाबद्दल चकार शब्द नाही.
आज मीच विचारलं, काका, कसा होता?
पायरीवर थांबले, दांडा धरून.
"कोणाक ठावक. मी निजलंय.
आमच्या घराक पत्रे, उकाड्यान डोळो लागत नाय.
थयसर एसी बरो."
खाली उतरून परत वळले,
"बंदुकेचो आवाज मात्र जरा जास्त ठेवलेलो हा."

देवगडच्या स्टँडवर आता तिघेचौघे कुत्रेच.
वाऱ्याला मासळीचा वास.
परुळेकर इंजिन बंद करतो, हात वर ताणतो.
"काय गो, रविवारी पोरांका नेव काय बघूक?"
मी म्हटलं, ने.
मिठात नाचतात ते बघून घ्या.
दरवाजा फुटला की हसू नका, मेस्त्रींना वाईट वाटेल.
होडीच्या वेळी
धाकटीला मांडीवर घे.

"आणि शेवट?" त्याने विचारलं.

मी रोकड मोजत होते.
चाळीस रुपये कमी भरत होते,
नोटा पुन्हा एकत्र केल्या
आणि पहिल्यापासून मोजायला घेतल्या.