खप्पामर्जी

खापरपणजोबांची वही मोडीत आहे.
मला येत नाही; अहिरराव सर वाचून देतात,
चहा थंड करत, ओळीवर बोट ठेवून:
'अंतोजी खवास, मर्जीतले. उभी तसबीर.
जरीचा अंगरखा. सरकारांचा हात खांद्यावर.
रुपये साठ. पावले साठ.'

साठचे साठ पावले, म्हणजे दिवस बरे होते.
विड्याचं तबक पुढे करणारा माणूस
तोवर तबकाच्या पलीकडे जाऊन बसला होता.

दुसरी तसबीर दोन पावसाळ्यांनंतरची.
एकटाच. गालिचा, लोड, गळ्यात मोत्यांचा कंठा,
डावा हात गुडघ्यावर,
करंगळी पहिल्या पेराशी तुटलेली,
पोरवयात, अडकित्त्यात.
झाकू का, खापरपणजोबांनी विचारलं.
असू द्या म्हणाला, याच हातानं वर आलो.
(हे वहीत नाही. हे आमच्याकडे तोंडी आलंय.)

मग पानभर नुसता हिंगूळ, काजळी, डिंक,
खारीच्या शेपटीचे केस, दोन आणे.

मग ही ओळ, अक्षर घाईचं:
'खवासांवर खप्पामर्जी जाहली.
हुकूम की तोंड तेवढे पुसून
सुभानराव पोतनिसांचे काढणे.
अंगरखा चांगला आहे, राहू देणे. रुपये सात.'

सात.
कंठा तोच, मांडी तीच,
मानेवर दुसरं तोंड बसलं
आणि करंगळी राहिली.
तिच्याबद्दल हुकूम नव्हता.
म्हणतात, पोतनीस पुढे दरबारात
डावा हात शेल्याखाली घेऊन बसायचे,
दहाही बोटं धड असलेला माणूस.

पहिल्या तसबिरीचं काय झालं, ते वहीत नाही.

अंतोजी घाट उतरून नाशकात आला,
भद्रकालीत एका वाण्याकडे सुपारी कातरायला बसला.
एकदा आमच्या पायरीखाली उभा राहिला.
चितारी, म्हणाला, माझं तोंड तुम्हाला पाठ असेल.
काढून दाखवता?
आरशात कुणी भलताच येतो.

वहीच्या पुठ्ठ्याला आतून, शिसपेनीनं, काढलं.
त्यानं बराच वेळ पाहिलं.
नाक एवढं बारीक होतं का, म्हणाला.
आणि नेलं नाही.
तुमच्याकडेच राहू द्या,
माझ्यापाशी सापडलं तर उगाच...
त्यापुढे रकमेची जागा कोरी आहे.

माझं फ्लेक्सचं दुकान आहे, रविवार कारंजावर.
काल रात्री साडेअकराला फोन:
उद्याच्या बोर्डावरून भाऊंचा फोटो उडव.
मजकूर तोच. शुभेच्छुक तेच.
गेल्या महिन्यात याच भाऊंसाठी
वीस बाय दहाचे चौदा बोर्ड मारलेत मी,
त्यातल्या नवांचे पैसे यायचेत.

भाऊ उडाले. एक क्लिक.
पण त्यांचा हात साहेबांच्या खांद्यावर होता,
तो कापायला गेलं की साहेबांचा अर्धा सदरा जातो.
सदरा चांगला होता.
हात राहू दिला.

मशीन सुरू केलं, शाईचा वास पसरला.
छपाईला चाळीस मिनिटं लागतात.
तेवढ्यात कपाटातली वही काढली,
पुठ्ठा दिव्याखाली धरला.

नाक खरंच
जरा बारीक काढलंय.