हातचा

निगॉनीत मंगळवारी पाचालाच अंधार पडतो.
बर्फ ढकलणारा ट्रक बाहेर तसाच घुरघुरत ठेवून
टॅमी कोस्की आत येते, बुटांचं पाणी फरशीभर करते
आणि विचारते, "आज आपली बेरीज किती?"

तेवीस. पाच जणांची मिळून तेवीस, वर एकही नाही.
दोनाचा माणूस म्हणजे परवा क्यू हातात धरलेला,
साताचा म्हणजे ज्याच्या पाळीला बारमधले बोलायचे थांबतात.
दोघं समोरासमोर आले
तर साताने सात डाव जिंकायचे, दोनाने दोनच.
माझ्या सासूला हे शेवटपर्यंत पटलं नाही.
चांगलं खेळल्याचा दंड भरायचा, हा कुठला न्याय?

हिशेब मी ठेवते. अकरा वर्षं, पेन्सिलीने.
जिंकलेले डाव, लागलेल्या खेपा,
आणि कडेला एक बारीक रकाना: बचाव.
बॉल घालायचाच नव्हता, पांढरा मुद्दाम दडवून ठेवला,
तर तिथे एक रेघ. ती खेपांतून वजा होते.
उरलेल्या खेपा जितक्या थोड्या
तितका माणसाचा आकडा वर.

आणि वर जायचं नसतं कुणालाच.
डेल ट्रूडो चार वर्षं चाराचा आहे.
सोपा आठ नंबर पॉकेटच्या ओठावर खडखडवतो,
कपाळाला हात लावतो.
झाकली मूठ. ती एप्रिलात उघडते, बक्षिसाच्या स्पर्धेला.
मी त्याची प्रत्येक हळहळ रेघेत मांडते.
"मार्सी, खरंच चुकलं गं."
चुकणाऱ्याचे खांदे असे नसतात, डेल.

ओर्वो लाहतीचे खांदे मला पाठ आहेत.
बत्तीस वर्षं खाणीत वायरी जोडलेला माणूस,
कधीकाळी साताचा, आता सहाचा.
ह्या हिवाळ्यात त्याचा डावा हात कापडावर ठरत नाही.
बोटांच्या पुलावरून क्यू जातो
आणि पूलच हलतो.
नोव्हेंबरात तो सरळ समोरचा बॉल चुकला.
पांढरा निव्वळ नशिबाने आठच्या आड जाऊन थांबला.
मी रेघ ओढली: बचाव.
पुढच्या खेपेला नशीब नव्हतं.
तरी ओढली.

"अजून सहावरच कसा हा?" टॅमीने विचारलं, पेस्टी खाता खाता.
वाईट मनाने नव्हे. तो पाचावर आला
तर बेरजेत एक मोकळा होतो,
डेलच्या मेहुणीला घेता येतं, ती पाचाची आहे.
मी पेन्सिलीला टोक काढत बसले.
टोक होतंच.

काल इश्पेमिंगची एक मुलगी, तिनाची,
नखांना निळा खडू लागलेला, सारखी सॉरी म्हणणारी.
तिला दोन डाव हवे होते, ओर्वोला पाच.
पाचाचा असता तर चार पुरले असते.
त्याने चारच जिंकले.
मग ती शेवटचा बॉल घालून इतकी घाबरली
की क्यू तसाच टेबलावर ठेवून त्याच्या गळ्यात पडली.
तो हसला. पाठीवर थोपटलं तिला. उजव्या हाताने.

सही करायला तो माझ्या टेबलाशी आला.
चष्मा लावला. त्या बारीक रकान्यावरून
बोट वरून खाली नेलं, सावकाश,
जुन्या पॅनेलमधली तार शोधावी तसं.
"एवढे बचाव खेळलो मी?"
बारमध्ये कुणीतरी नाणी मोजत होतं. मी तिकडे पाहिलं.

सगळे हातचा राखून खेळतात, हे मला माहीत होतं.
दुसऱ्याचा हातचा आपण राखायचा असतो का,
हे कुठल्याच नियमात नाही.

त्याने पेन्सिल मागितली, उलटी धरली,
आणि एक रेघ खोडली. शेवटून दुसरी.
"ही नव्हती," म्हणाला.
बाकीच्यांबद्दल काही बोलला नाही.
खोडरबराचा चुरा फुंकायला वाकला,
सही केली, जरा वाकडी,
आणि कोट घालून बर्फात गाडी शोधायला गेला.