नमुना सतरा

कारंजा सोडलं की रस्ता सागात शिरतो.
फटफटीला बांधलेला बर्फाचा डबा, त्यात बारा बाटल्या,
आणि पिशव्यांत कापलेलं पवन्या, कुसळीचं गवत,
वर गावाचं नाव, तारीख.

इथं काही घडलेलं नाही,
हे मी दारातच सांगते, लोक घाबरतात.
घडण्याआधीचं दूध मोजून ठेवायचं,
एवढंच काम.

लॅपटॉपमध्ये गाय म्हणजे चार चौकोन:
पोट, रक्त, गळ्यातली ग्रंथी, कास.
एकातून दुसऱ्यात बाण, बाणावर आकडा.
रोज गवतातून जे आत जाईल
त्याचे हजारातले पाच वाटे एका लिटरात उतरतील,
असं पुस्तक म्हणतं.
पुस्तकातली गाय थंड देशाची, दावणीला बांधलेली.
ही गवळाऊ दिवसभर रानात,
गळलेल्या मोहफुलांवर,
संध्याकाळी दीड लिटर देऊन मोकळी.

सीझियम पोटॅशियमचं सोंग घेऊन येतं,
स्ट्रॉन्शियम कॅल्शियमचं.
अंग भोळं,
आवाज ओळखीचा वाटला की कडी काढतं.

भागरताबाई दोन सडं पिळतात, दोन सोडतात.
मी चित्र दाखवलं.
त्यांनी ओला हात लुगड्याला पुसला, वाकून पाहिलं,
बराच वेळ.
"वासरू कोठी हाये वो यात?"

तीन वर्षं झाली या मॉडेलला.
दोन परिषदांत वाचलं. कुणी विचारलं नव्हतं.

"पयले थे पेते. मंग आमी."

रात्री लाइट गेलेली, बॅटरी एकोणीस टक्के.
पाचवा चौकोन काढला, बाण काढला,
आकड्याची जागा कोरी.

पहाटे निंबाच्या फांदीला काटा टांगला.
झोळीत वासरू, पिण्याआधी एकदा,
पिऊन झाल्यावर एकदा.
त्यानं माझ्या बाहीवर फेस सोडला.
"लेकराले असं कोनी तोलते काय!"
भागरताबाई हसता हसता खाली बसल्या.
फरक: एक किलो शंभर.

दीड महिन्यानं निकाल आला.
नमुना सतरा. सीझियम: मोजता येईल त्याच्या खाली.
आयोडीन: नाही.
पोटॅशियम: नेहमीचं,
जे वासरात, माझ्यात, भागरताबाईंत
जन्मापासून किंचित किरणत असतं.

शेवटच्या रकान्यात, 'शेरा' लिहिलंय तिथं,
मी भरलं:
दोन सडं वासराची.