तोलाई

आज मंगळवार. रात्री बारा वाजता
माझं सभासदत्व संपतंय.
महिन्याला नऊशे नव्याण्णव.
वर्षाचे एकदम भरले तर दोन महिने फुकट,
असा निरोप आलाय, खाली हिरवं बटण.

ताट बाजूला सारून
विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशोब मांडतो.
सव्वीस महिने.
पंचवीस हजार नऊशे चौऱ्याहत्तर.
जमेला: एक रंगीत तक्ता,
पान कधी घ्यायचं, कधी थांबायचं.
मंगळवारी रात्री दीडचा सराव.
आणि सात माणसं, आवाजापुरती.
वसईची सेराफिना, पतपेढीत रोखपाल,
माझ्याआधी चुकते आणि माझ्याआधी हसते.

दुर्रीपासून छक्कीपर्यंत अधिक एक.
सत्ती अठ्ठी नव्वी, काही नाही.
दश्शी, चित्रं, एक्का, उणे एक.
मोजत मोजत कॅट संपला
की हातात शून्य यायला हवं.
येतं.
बिनचूक शून्य, एकतीस सेकंदांत.

पणजीला एकदाच गेलो, बोटीवर.
कमीत कमी डाव अडीच हजारांचा.
आणि पानं पिसायला यंत्र,
खेळून झालेली पानं लगेच पोटात घेणारं,
पिसणारं, पुन्हा पिसणारं.
मोजायला मागे काही उरतच नव्हतं.
मी सोडा प्यालो, परत आलो.
पुढच्या मंगळवारी कुणाला बोललो नाही.

शिकवणाऱ्याचा आवाज मऊ आहे.
म्हणतो, हातात सोळा, समोर दहा,
याहून वाईट वेळ नाही.
तरी घे.
हरशीलच, पण जरा कमी हरशील.
महाप्याच्या कंपनीत पगार थकला तेव्हा
हे वाक्य मी दोनदा वापरलं.
सेराफिनाने एकदा विचारलं, सर, तुम्ही कुठे खेळता?
म्हणाला, आता कुठलं,
शिकवण्यातच वेळ जातो.

तात्या मापाडी होते.
वाशीच्या दाणाबाजारात अडतीस वर्षं.
पहिल्या गोणीला एक म्हणायचं नाही,
लाभ म्हणायचं.
लाभ, दोन, तीन, चार.
लाभ शेठचा.
तात्यांची तोलाई, आणि संध्याकाळी फरशीवरची झाडण,
तूर, मूग, खडा, सुतळीचे तुकडे,
कोपरखैरण्याच्या या खोलीत दिव्याखाली
आई निवडत बसायची.

काय मोजतूस? म्हणाले.
सांगितलं, जमेल तसं.
वाट, म्हणाले.
मी एकेक पान टाकत गेलो.
ते डोळे अर्धे मिटून,
अंगठा बोटांच्या पेरांवरून पुढे, मागे, पुढे,
जसा गोण्या मोजताना फिरायचा.
बावन्नावं पान पडलं.
कायबी उरलं न्हाई, म्हणाले.

पहिल्याच खेपेला.
घड्याळ लावायचं मी विसरलोच होतो.

ह्येची तोलाई काय मिळती?
मिळत नाही, तात्या. मीच भरतो.
मोजणारानंच?
आरं, मोजणारानंच?
आणि हसले, आई गेल्यापासून नव्हते हसले इतके,
हसता हसता ठसका लागला,
पाणी दिलं, पाठ चोळली,
तरी तोंडात तेच, मोजणारानंच.

बारा वाजून चार मिनिटं.
हिरवं बटण आता करडं दिसतंय,
किंवा माझे डोळे ओढलेत.
दीड वाजता सेराफिना येईल,
माझी चौकट नसेल.
तिचा नंबर माझ्याकडे नाही.
तो वर्षाचे भरणाऱ्यांना मिळतो.

तात्या पानं पिसायला बघतायत.
बोटांना सवय नाही, कॅट सुटतो,
पानं सगळ्या फरशीभर.
मी उठतो, तर हातानेच थांब म्हणतात,
भिंतीला धरून खाली बसतात,
पलंगाखालचं पहिलं पान ओढून काढतात,
न बघताच मांडीवर ठेवतात.

लाभ, म्हणतात.