घरात किती?

माझ्या रजिस्टरात प्रत्येक घराला सहा ओळी.
बीपी, शुगर, अंगावर चट्टा, दोन आठवड्यांचा खोकला,
कोणी गरोदर आहे का, संडास आहे का,
असेल तर वापरता का.
बारा वर्षं झाली विचारते. आता ओठ आपोआप चालतात,
बसल्या जागी गाय रवंथ करते तसे.

वेणूबाई येरेकारनं ओटा पदरानं पुसला,
गडवाभर पाणी ठेवलं.
"घरात किती?"
"तीन."
"तीन?"
"मी, मोठा अन् सून. तीन लिही वो."

तिच्या मागे कोठ्यात, कुटाराच्या ढिगाआडून
दोन पाय दिसत होते.
तळव्यांना भेगा. एका अंगठ्याच्या नखावर
निळा ऑइलपेंट.

तो निळा मी ओळखते.
गावात जेवढी म्हणून अक्षरं आहेत, ती त्याची.
पिठाच्या गिरणीचं नाव त्याचं,
रेशनच्या दुकानातला भावफलक त्याचा,
शाळेच्या भिंतीवरचे पाढे,
त्यातला नऊ जरा वाकडा,
मास्तर म्हणाले, असू दे, पोरांना लक्षात राहतो.
बोबड्यांच्या ट्रॉलीमागचं "पाहून चाल बावा".
आणि वेशीवरचा बोर्ड:
व्यसनमुक्त गाव, आपले स्वागत आहे.
खाली कोपऱ्यात तिळाएवढं: कला, धनपाल.

थिनर आधी हाताला लागलं.
मग नाकाला.
मग पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब, रुमाल,
मग पांढरकवड्याहून येणारी गोळ्यांची पट्टी.
हे त्यानंच सांगितलं होतं मला एकदा, हापशीवर,
मी न विचारता.
मी घागर भरली आणि निघाले. डोक्यावर ओझं होतं,
असं मी स्वतःला सांगते.

आता त्याचं नाव सोल्युशन.
चार वर्षांची पोरंही तेच म्हणतात,
आणि खडा मारून पळतात.
टपरीवर त्याचा कप वेगळा,
छपराच्या वाश्यात खोचलेला.
असाच एक कप माझ्या आजाचा होता
याच गावात.
मी तिथं चहा पीत नाही.

काही हरवलं की आधी त्याला झोडतात, मग शोधतात.
मोटरची वायर. पितळी गुंड. एकदा कोंबडी.
कोंबडी तिसऱ्या दिवशी तुराट्यांखाली सापडली,
अकरा अंड्यांवर बसलेली.
तेव्हा कोणी काही बोललं नाही.
कोंबडीलाच दोन शिव्या बसल्या.

बोर्डासाठी तपासणीवाले आले त्या सकाळी
त्याला ट्रॅक्टरवर बसवून
पार घाटाखाली सोडून आले.
संध्याकाळी सत्कार, नारळ, बुंदी.
आणायला जायचं कोणाच्या ध्यानातच नव्हतं.
अठरा किलोमीटर चालून तो दुसऱ्या दिवशी आला
आणि बोर्डाच्या सावलीत बसला.
कोपऱ्यातलं नाव तोवर चुन्यानं पुसलं होतं.
वरची अक्षरं राहू दिली.
चांगली होती ना.

पीएचसीत मी साहेबांना विचारलं होतं,
याचा रकाना कुठं?
ते म्हणाले, इतर मध्ये टाका.
इतर मध्ये साप चावलेले असतात,
विजेचा झटका बसलेले असतात.
त्यांना बघायला गाव लोटतं.

मी तीन लिहिलं.
बाई म्हणाली तेच लिहायचं, असा नियम आहे.
पेन झाकत होते तेव्हा वेणूबाई आत गेली
आणि माझ्याकडे पाठ करून
कोठ्याच्या दारात जर्मनची थाळी ठेवून आली.
दोन भाकरी. वर ठेचा. बुक्कीनं फोडलेला कांदा.
तेलाची एक धार, ठेच्यावरच, इकडेतिकडे नाही.

"कुत्र्याले," ती म्हणाली.

मी मान हलवली.
आमच्याकडे कुत्र्याला कोणी ठेच्यावर तेल घालत नाही,
हे तिलाही ठाऊक, मलाही.
कुटार सळसळलं.
निळं नख आत ओढलं गेलं.

मार्चमध्ये पुन्हा यायचं आहे.
ओळी सहा.
तीन कोऱ्या आहेत अजून.